मीठ, घाम आणि लिथियम

(भिलाईतल्या वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि एवढ्या उकाड्यात घरचा कूलर सोडून इथल्या कूलरसमोर येऊन बसलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार. (हशा) मागच्या रांगांत ऐकू येत नसेल तर हात करा. कूलर बंद करा असं सांगायची माझी हिंमत नाही, मीच आवाज चढवीन.

पत्रिकेवर ‘मानसिक आजार आणि औषधोपचार’ असा विषय छापलाय. तो तसा छापून यावा म्हणून फोनवर बरीच ओढाताण झाली. कार्यकर्त्यांना ‘आनंदी मनाची गुरुकिल्ली’ हवं होतं. मी म्हटलं, अरे बाबांनो, ती किल्ली माझ्याकडे असती तर या वयात मी सकाळी दवाखान्यात पेशंट तपासत बसलो असतो का? (हशा) गुरुकिल्लीला हॉल भरतो, औषधाला भरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आज हॉल भरलाय. ते माझ्यामुळे की व्याख्यानानंतरच्या आमरसामुळे, हे अध्यक्ष सांगतील. (हशा)

मागे एका गावी वक्त्यांनी श्रोत्यांना विचारलं, रक्तदाबाची गोळी कोण कोण घेतं? अर्धा हॉल हात वर करून मोकळा. मग विचारलं, मनाच्या आजाराची कोण घेतं? एकही हात वर आला नाही, पण माना सगळ्यांच्या वळल्या, कोण करतंय ते बघायला! तो खेळ मी इथे करणार नाही. आपलं गाव केवढं? सेक्टरात कुणाकडे पाहुणा उतरला, हे त्याचा चहा व्हायच्या आत चार घरांना कळलेलं असतं.

त्याऐवजी सोपं काहीतरी विचारतो. लिथियम कशात असतं?

(श्रोत्यांतून : ‘बॅटरीत!’)

बरोबर. मोबाइलच्या बॅटरीत, ई-रिक्षाच्या बॅटरीत. आणि कुठे असतं? आपल्या छत्तीसगडात, कोरबा जिल्ह्यात, कटघोऱ्याला. 2024 मध्ये तिथल्या लिथियमच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला. पेपरात केवढ्या बातम्या आल्या, आता आपण बॅटरीच्या शर्यतीत उतरणार म्हणून. मी त्या वाचत होतो आणि मनात म्हणत होतो, बाबांनो, ते लिथियम भिलाईत कित्येक वर्षांपासून लोकांच्या पोटात जातंय, त्याची बातमी कुणी करत नाही. लिथियम कार्बोनेटची गोळी. आज मला खरं म्हणजे तिच्याबद्दलच बोलायचंय. कार्यकर्त्यांना वाटतंय मी सगळ्या औषधांवर बोलणार आहे. बोलेन, बोलेन.

थोडी पार्श्वभूमी, भराभर. सर्पगंधेची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याच जंगलातली मुळी, बिहारात तिला ‘पागल की दवा’ म्हणत. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं छापून प्रसिद्ध केलं. 1949 मध्ये मुंबईच्या रुस्तम वकिलांनी रक्तदाबावरचा अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात छापला, तेव्हा कुठे साहेबांचं लक्ष गेलं. मग स्विस कंपनीनं त्यातून रेसर्पिन काढलं. 1952 मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन आलं, ते लार्गॅक्टिल या नावानं जुन्या लोकांना आठवत असेल. आणि मग वेड्यांच्या इस्पितळांची दारं हळूहळू उघडायला लागली. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असायला हवं, नाही, तो विषय वेगळा. पुढे जाऊ.

नागपूरचं मनोरुग्णालय 1864 चं. 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानीच नागपूर. इथल्या माणसासाठी सरकारी वाट नागपूरकडेच जायची. मग राज्यं बदलली, आपण मध्य प्रदेशात गेलो, ग्वाल्हेर आणि इंदूर आपली झाली, म्हणजे पेशंटला आणखी लांब न्यायचं. आता बिलासपूरजवळ सेंदरीला आपलं स्वतःचं आहे. इथे बसलेल्या कितीतरी घरांनी यातला एकेक प्रवास केलेला आहे. रात्रीच्या गाडीनं केलेला, शेजाऱ्यांना ‘लग्नाला चाललो’ म्हणून सांगून केलेला.

आता लिथियम. राजेहो, ही गोष्ट मोठी मजेशीर आहे.

जॉन केड नावाचे एक ऑस्ट्रेलियन डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी पकडले, सिंगापूरच्या चांगी छावणीत साडेतीन वर्षं युद्धकैदी. सुटून मेलबर्नला आले आणि तिथल्या मनोरुग्णालयात कामाला लागले. डोक्यात एक कल्पना घेऊन आले होते : उन्माद, म्हणजे ज्याला आम्ही मॅनिया म्हणतो, तो शरीरात तयार होणाऱ्या कुठल्यातरी विषामुळे होतो, आणि विष असेल तर ते लघवीत उतरलं पाहिजे. कल्पना साफ चुकीची होती. पण माणूस कामाचा. प्रयोगशाळा काय, तर इस्पितळाच्या आवारातली एक वापरात नसलेली जागा. उन्माद झालेल्या रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या हा गृहस्थ घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा. (हशा) हो, ज्यात दूध, लोणी! जीन केड बाईंनी काय काय सोसलं त्याचं चरित्र कुणी लिहिलेलं नाही. (हशा)

ती लघवी गिनी पिगना टोचायचे. प्राणी मरायचे, उन्मादी माणसाच्या लघवीनं लवकर मरायचे. केड म्हणाले, यात यूरिक आम्लाचा हात असावा. ते टोचायचं तर पाण्यात विरघळायला हवं, आणि त्याचा चांगला विरघळणारा क्षार कुठला, तर लिथियमचा. म्हणून लिथियम आलं, विरघळवायला! औषध म्हणून नाही. आणि बघतात तर काय, लिथियम दिलेले प्राणी शांत. उताणं केलं तरी उताणेच पडून बघताहेत. आज काही जण म्हणतात की ते बिचारे शांत वगैरे काही नव्हते, लिथियम अंगावर आल्यानं मलूल पडले होते. असेलही. केडनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं, काही झालं नाही, आणि मार्च 1948 मध्ये पहिल्या रुग्णाला दिलं. एकावन्न वर्षांचा माणूस, पाच वर्षं सतत उन्मादात, वॉर्डातला सगळ्यांत अवघड. शोधनिबंधात त्याचं नाव नुसतं ‘डब्ल्यू. बी.’ असं आहे. काही आठवड्यांत तो माणूस इतका ठीक झाला की जुलैत घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला.

इथे टाळ्या वाजवायच्या असतात, पण थांबा. घरी गेल्यावर त्यानं काय केलं?

(श्रोत्यांतून एक महिला : ‘गोळ्या सोडल्या.’)

वहिनी, तुम्ही डॉक्टर आहात का? नाही? मग घरात अनुभव आहे. सोडल्या. बरं वाटलं की सोडायच्या, ही पद्धत भारतीय आहे असं समजू नका, लिथियमच्या पहिल्या पेशंटपासूनची आहे. उन्माद परतला, माणूस इस्पितळात परतला, औषध पुन्हा सुरू झालं. आणि मे 1950 मध्ये तो गेला, लिथियम अंगात जास्त झाल्यामुळे. ज्या औषधानं उठवलं त्यानंच. कारण त्या वेळी रक्तातलं लिथियम नेमानं मोजत जायची सोय नव्हती. केडचा निबंध 1949 च्या सप्टेंबरचा. दहा उन्मादी रुग्ण, सगळ्यांना फरक. आणि त्याच 1949 मध्ये, सुरुवातीला, अमेरिकेत काय चाललं होतं? हृदयरोग्यांना मीठ बंद असतं, त्यांच्यासाठी बाजारात खारट चवीचं एक पर्यायी मीठ आलं होतं. ते होतं लिथियम क्लोराइड! लोक जेवणावर भुरभुरून खात होते. काही दगावले, सरकारनं ते मीठ बाजारातून उचललं. एका देशात औषध म्हणून जन्म, दुसऱ्या देशात विष म्हणून बंदी, एकाच वर्षी. आणि एक वर्ष आधीपर्यंत ‘सेव्हन-अप’ या पेयातही लिथियम होतं, ते 1948 मध्ये काढलं. (श्रोत्यांत कुजबुज) नाही नाही, आत्ता जे पिता त्यात नाही.

लिथियम वाचवलं ते नंतरच्या लोकांनी. मेलबर्नच्या नोआक आणि ट्राउटनर यांनी 1951 मध्ये शंभरेक रुग्णांना दिलं, रक्तातलं प्रमाण मोजायचा नेम लावला. डेन्मार्कच्या मॉगेन्स शू यांनी 1954 मध्ये कुणाला औषध आणि कुणाला खोटी गोळी हे नाणं उडवून ठरवलं आणि नीट तुलना केली. शूंच्या सख्ख्या भावाला वारंवार उदासीचा आजार व्हायचा. अमेरिकेनं परवानगी दिली ती थेट 1970 मध्ये. इतका उशीर का? कारण लिथियम हे मूलद्रव्य आहे. त्याचं पेटंट घेता येत नाही. ज्यात नफा नाही त्याचा प्रचार कोण करणार? आजही बघा, कुठली कंपनी लिथियमसाठी डॉक्टरला गोव्याला नेत नाही. (हशा) मला तरी कुणी नेलेलं नाही. (मोठा हशा) ‘औषध कंपन्यांचे दलाल’ असं आम्हाला म्हणणारे लोक असतात, समोर एक-दोन ओळखीचे चेहरे दिसताहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता माझा मुद्दा. आपण मीठ खातो, म्हणजे सोडियम. लिथियम हे सोडियमचं सख्खं भावंड. मूत्रपिंडाला या दोघांतला फरक नीट कळत नाही. अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. रक्तात ते साधारण 0.6 ते 1 असावं लागतं, तीव्र उन्मादात थोडं वर. दीडच्या पुढे त्रास, दोनच्या पुढे धोका. इतकी अरुंद पट्टी. आणि अंगातलं मीठ-पाणी कशानं कमी होतं? घामानं, जुलाबानं, वांत्यांनी, उपासानं. भिलाईत मेमध्ये घाम येतो का हो कुणाला? (हशा) नवतपा लागलाय, बाहेर पंचेचाळीस, आणि माणूस भट्टीपुढे उभा.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, इथे कुणी कुणाला शोधू नका. बालोदकडचा छत्तीसगडी माणूस, एका कारखान्यात भट्टीवर काम. कुठला कारखाना ते सांगत नाही, इथे कमी आहेत का? तरुणपणी दोनदा उन्मादाचे झटके येऊन गेलेले. एकदा तर पगार झाला त्या दिवशी गावातल्या पोरांना वाटण्यासाठी सायकली विकत घेतल्या. लिथियमवर बरीच वर्षं उत्तम. पाळ्या करायचा, पोरीचं लग्न केलं, भजन मंडळीत ढोलक वाजवायचा. मग कुठेतरी तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला. त्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं : मीठ कमी करा म्हणाले आणि लघवी वाढवणारी गोळी दिली. लिथियमचं त्यांना कुणी सांगितलं नाही, चिठ्ठीवर नाव आणि वय एवढंच.

आणि त्याची बायको, माउली, डॉक्टरांचा शब्द तिनं देवाचा मानला. उन्हाळ्यात इथलं जेवण म्हणजे बासी. रात्री भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, मिरची लावून खायचा. भट्टीवर जाणाऱ्या माणसाला त्याहून शहाणं अन्न नाही, पाणी आलं, मीठ आलं. तिनं त्या बासीतलं मीठ बंद केलं. साफ बंद. तो कुरकुरला तर म्हणाली, डॉक्टरनं सांगितलंय. दहा-बारा दिवस गेले. हात कापायला लागले, ढोलकावर बोट पडेना. मग जीभ जड, मग चालताना झोल. एक दिवस कामावर जाताना तोल गेला. सोबतचे म्हणाले, आज सकाळी सकाळीच लावली काय रे? हाताला धरून घरी आणून झोपवला. गल्लीत चर्चा सुरू. लिंबूपाणी पाजा, उतरेल. ती बाई तेवढी एकटी सांगत राहिली. माझ्यापर्यंत आली तेव्हाही तिचं पहिलं वाक्य हेच होतं : ‘पीये नइ हे, डॉक्टर साहब.’ प्यायलेला नाही. तिला ना रक्तातलं लिथियम माहीत होतं, ना मूत्रपिंड. पण तिला तिचा नवरा माहीत होता.

लिथियम दोनच्या वर निघालं. उपचार काय? लिथियम बंद आणि सलाईन. सलाईन म्हणजे काय, तर मिठाचं पाणी! बासीतून काढलेलं मीठ आम्ही शिरेतून परत घातलं. सुदैवानं डायलिसिसची वेळ आली नाही. नंतर रक्तदाबाची गोळी बदलली, लिथियमशी न भांडणारी अम्लोडिपिन दिली, आणि लिथियम कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं. माणूस परत ढोलकावर. बाईनं विचारलं, आता मीठ किती घालू? सांगितलं, रोज तेवढंच. जास्त नाही, कमी नाही. आज खारट, उद्या अळणी असं करू नका.

तर माझा हट्ट एवढाच आहे, आणि तो मी गेली कित्येक वर्षं धरून बसलोय : मनाच्या आजाराच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवा. हा माणूस काम काय करतो, कुठल्या शिफ्टला जातो, उन्हात किती असतो, उपास करतो का, दुसऱ्या डॉक्टरची कुठली गोळी घेतो. मी माझ्यासाठी रबरी शिक्काच करून घेतला. माझे डॉक्टर मित्र म्हणाले, तू डॉक्टर आहेस की लेबर ऑफिसर? (हशा) हसा. पण त्या ओळीशिवाय लिहिलेली चिठ्ठी मी अर्धी मानतो. टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, या लिथियम चढवतात. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून गोळी आणली, एवढं निमित्त पुरतं. पॅरासिटामॉल चालेल.

(पहिल्या रांगेतून : ‘डॉक्टर, पण या गोळ्या म्हणजे मेंदू बधिर करणंच नाही का? आजार तसाच राहतो.’)

हां. मी वाटच बघत होतो. काका, तुम्ही इंजिनिअर ना? निवृत्त? तुमचा प्रश्न खोटा नाही. काही औषधांनी गुंगी येते, वजन वाढतं, चेहरा निर्विकार होतो. हे मी नाकारत नाही, आणि जो डॉक्टर नाकारतो त्याच्याकडे जाऊ नका. पण ‘बधिर’ म्हणता तेव्हा ज्या माणसाला बधिर केलंय असं तुम्हाला वाटतं, तो आधी कसा होता ते तुम्ही पाहिलेलं असतं का? आठ-आठ दिवस न झोपलेला, स्वतःच्याच आईला ओळखत नसलेला?

(तेच गृहस्थ : ‘ते मेंदूतलं केमिकल कमी पडतं म्हणतात, ते तर आता खोटं ठरलं.’)

अर्धं बरोबर. 2022 मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी सगळे जुने अभ्यास तपासून म्हटलं, सेरोटोनिन कमी पडतं म्हणून उदासी येते याला ठोस पुरावा नाही. ते खरं आहे, आणि आम्ही डॉक्टरांनी ती गोष्ट वर्षानुवर्षं फार सोपी करून सांगितली तेही खरं. पण औषधाचा उपयोग होतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं : 522 चाचण्या, एक लाखाहून अधिक रुग्ण, उदासीवरची 21 औषधं, सगळीच खोट्या गोळीपेक्षा थोडी-फार सरस. फार नाही, थोडी-फार. ती का चालतात हे पूर्ण कळलेलं नाही. काका, आपल्याच भागातल्या अगरिया लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्टीत लोखंड गाळलं. ऑक्सिजन कार्बनबरोबर निघून जातो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लोखंड मात्र निघत होतं. तुम्ही त्यांना विचारलं असतंत का, आधी समीकरण दाखवा? (हशा, टाळ्या) नाही, टाळ्या नकोत, काका रागावतील. मी थोडा चिडून बोललो. मला या प्रश्नाचा राग येतो, कारण ज्या घरात तो प्रश्न जिंकतो तिथली गोळी बंद होते आणि मग ती माणसं मला रात्री फोन करतात.

समुपदेशन हवं, योग हवा, घरच्यांचा आधार हवा. औषध हा उपचाराचा भाग आहे, सगळा उपचार नाही. ‘देवराई’ पाहिलाय ना? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, अतुल कुलकर्णी होते त्यात. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाच्या घरात काय चालतं ते त्यात जितकं दिसतं तितकं आमच्या पुस्तकांत नाही. त्यामागे कॅनडातले आपले डॉ. जगन्नाथ वाणी होते, त्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता आणि त्यांनी तो लपवला नाही. यावर खरं तर पुष्कळ...

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवलीय. दहा मिनिटं. अहो, मी अजून एकाच गोळीवर आहे! (हशा) सगळ्या औषधांवर बोलेन असं कबूल केलं होतं. आता काय पळतच जावं लागेल.

शिफ्ट. उन्मादाचा आजार असलेल्यानं नाईट टाळावी, आठवड्याला बदलणाऱ्या पाळ्या तर नकोच. झोप मोडली की आजार उसळतो. दाखला मागायला लाज वाटते म्हणून पेशंट नाईट करत राहतो. दाखला मागा.

ऊन. नुसतं लिथियम नाही. स्किझोफ्रेनियावरची बरीच औषधं आणि त्यांच्याबरोबर हात कापू नयेत म्हणून देतात ती ट्रायहेक्सीफेनिडिल घाम येऊ देत नाहीत, शरीर थंड व्हायची यंत्रणाच मंदावते. अशा माणसाला भर दुपारी शेतावर किंवा छतावर पाठवू नका. लू लागायला वेळ लागत नाही.

झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. सवय लागते ती यांची. उदासीवरच्या गोळ्यांची तशी सवय लागत नाही, पण एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झिणझिण्या येतात, म्हणून हळूहळू कमी करायच्या. अल्प्राझोलाम 2014 पासून ‘एच-वन’ यादीत आहे, दुकानदारानं नोंदवही ठेवायची असते. ती कुठे ठेवतात ते आपल्याला माहीतच आहे. (हशा) रायपूर-दुर्गकडे पोरं तिची नशा करताहेत, हसण्यासारखं नाही.

व्हॅल्प्रोएट, हेही उन्मादावरचं औषध. तरुण मुलींना शक्यतो नको. गर्भाच्या मणक्याला आणि मेंदूला धोका. लग्न ठरलं की हे आधी डॉक्टरांना सांगा. आणि लग्न ठरलं म्हणून मुलीच्या गोळ्या लपवून बंद करू नका. सासरी कळेल म्हणून माहेरी बंद केलेली गोळी सासरीच आजार घेऊन जाते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की... जाऊ द्या.

डाळीत गोळी कालवणं. कोण कोण करतं ते विचारत नाही. मी समजू शकतो. पण ज्या दिवशी त्याला कळतं, त्या दिवसापासून तो डाळच खात नाही, आणि तुमच्यावरचा विश्वासही जातो. कधीतरी ते उघड करावंच लागतं, डॉक्टरांना सोबत घेऊन.

कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, अंमल 2018 पासून. यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळायला हवीत, असं त्यात लिहिलंय. लिथियम राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहे. पण नुसती गोळी फुकट देऊन काय उपयोग? रक्तातलं लिथियम मोजायची सोय? सहा महिन्यांनी थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी? नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचा, हे किती ठिकाणी सांगतात? निम्हान्सनं 2015-16 मध्ये बारा राज्यांत सर्वेक्षण केलं, त्यात छत्तीसगडही होता. आजारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचाराबाहेर. त्या आकड्यात गोळी घेणारे पण रक्त न तपासणारे धरलेलेच नाहीत. फोनवर विचारायचं असेल तर 14416, टेली-मानस, फुकट आहे.

दुसरी चिठ्ठी आली. ही अध्यक्षांची नाही, श्रोत्यांची. बऱ्याच आहेत. वाचतो तेवढ्या वाचतो.

‘होमिओपॅथी सोबत चालेल का?’ ज्यांच्याकडे जाल त्यांना लिथियमचं सांगा. माझ्यापासूनही लपवू नका.

‘मुलगा बरा आहे, अजून किती वर्षं?’ उन्मादाचे झटके दोनदा-तीनदा येऊन गेले असतील तर बरीच. एकदम सोडलं तर झटका लवकर उलटतो. डॉक्टरांशी ठरवून, महिन्या-महिन्यांनी, हळूहळू.

‘आत्महत्येचे विचार येतात त्याला हे औषध देतात का?’ उन्मादाच्या किंवा वारंवार येणाऱ्या उदासीच्या आजारात तो धोका कमी करण्याच्या बाबतीत लिथियमची नोंद चांगली आहे. पण विचार येत असतील तर चिठ्ठी पाठवू नका, आत्ता थांबा, मी खाली उतरतोय.

शेवटची. बाईंचं अक्षर आहे. ‘लिथियम घेते. तीजा करू का? निर्जळी असते.’ निर्जळी नाही. तीजाच्या दिवशी पाणी प्यायचं, लिंबू-मीठ घातलेलं प्यायचं, फराळात मीठ ठेवायचं. सैंधव चालेल, त्यातही सोडियमच आहे. चतुर्थी, एकादशी करता येतील, पाणी आणि मीठ तोडलं नाही तर. सासूबाईंना पटत नसेल तर त्यांना माझ्याकडे घेऊन या, सकाळी दहा ते बारा मी असतो. सोबत रक्तदाबाच्या आणि गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं आणा, तुमच्याही आणि त्यांच्याही. अध्यक्ष उभे राहिलेत. आमरस गरम होतोय म्हणतात.